लॉस सँटोस जुनं झालं नाही, नव्याने बांधलंय

जीटीए ५ या व्हिडिओ गेममधलं लॉस सँटोस हे शहर लॉस एंजेलिसवर बेतलेलं, आणि त्याच नावाचं शहर मालिकेतल्या जुन्या सॅन अँड्रियास गेममध्येही होतं. ५ मधल्या ग्रोव्ह स्ट्रीट या गल्लीचा व्हिडिओ आला की खाली कुणीतरी लिहितंच, "बघा, सीजे गेला आणि बॅलाजनी एरिया मारला." (सीजे म्हणजे सॅन अँड्रियासचा हिरो, बॅलाज त्याची शत्रू गँग.) अरे बाबांनो, नाही. कुणी काही मारलं नाही, हा तो एरियाच नाहीये.

रिमास्टर (जुनाच गेम नव्या रूपात) वेगळं, ते सगळ्यांना कळतं. जुन्या जीटीएंची २०२१ ची डेफिनिटिव्ह एडिशन म्हणजे तेच रस्ते, वरून रंगरंगोटी (तीही धड नाही), सोडा ते. घोळ होतो तो गोष्टीतल्या काळानुसार बदललेली जागा आणि जुनं नाव ठेवून शून्यापासून बांधलेली जागा, या दोघांत.

पहिल्या प्रकाराला लिबर्टी सिटी स्टोरीज हा जीटीए गेम घ्या. गोष्ट १९९८ ची, जीटीए ३ ची २००१ ची, शहर तेच. त्यातला हिरो टोनी सिप्रियानी फोर्ट स्टॉन्टन हा शहरातला भाग बॉम्बने उडवतो आणि जीटीए ३ मध्ये तिथे बांधकाम चालू दिसतं. इथे "मग पुढे काय झालं" विचारायला अर्थ आहे.

लॉस सँटोसचं तसं नाही. सॅन अँड्रियासमध्ये (२००४, गोष्ट १९९२ ची) माउंट चिलियाड हा डोंगर नैऋत्येला, सॅन फिएरो शहराच्या खाली. ५ मध्ये शहर दक्षिणेला आणि चिलियाड पार उत्तरेच्या टोकाला. एकवीस वर्षांत गँग बदलेल, दुकानं बदलतील, डोंगर कसा उठून चालायला लागेल? ग्रोव्ह स्ट्रीट तेव्हा गँटनमध्ये होता, आता डेव्हिसमध्ये आहे. वेधशाळा तर बघाच, जुन्या गेममध्ये ती वर्डंट ब्लफ्सला, खाली एअरपोर्टच्या बाजूला टाकली होती, ५ मध्ये ती व्हाइनवुडच्या डोंगरावर आहे कारण लॉस एंजेलिसमधली खरी ग्रिफिथ वेधशाळा हॉलिवूडच्या बाजूच्या डोंगरावर आहे. म्हणजे डिझायनर लोकांनी जुना मॅप समोर ठेवून सुधारला नाही, ते परत खऱ्या शहराकडे गेले. पीएस२ (प्लेस्टेशन २) वर तीन शहरं कोंबायची होती म्हणून एलएच्या वाट्याला तुकडा आला, ५ मध्ये एकच शहर होतं म्हणून ऐसपैस बांधलं. गेम बनवणारी रॉकस्टार कंपनी स्वतःसुद्धा जीटीए ४ पासूनचं जग जुन्या थ्रीडी गेम्सच्या जगापासून वेगळंच धरतं, तरी लोक "मॅप अपग्रेड केला" म्हणतात, डोकं फिरतं.

शहर म्हणून ५ वालं कितीतरी सरस आहे, वाद नको. पण ग्रोव्ह स्ट्रीट जुनाच. सेव्ह करून सीजेच्या घराबाहेर आलं की अख्खी गल्ली समोर, आपलीच. ५ मधली गल्ली आहे, बस आहे.

आणि आता जीटीए ६ च्या ट्रेलरमध्ये व्हाइस सिटी (मायामीवर बेतलेलं शहर, २००२ च्या गेममधलं) दिसल्यापासून तोच खेळ परत सुरू, स्टारफिश आयलंडवरचा त्या गेमच्या हिरोचा, टॉमीचा बंगला कुठे दिसतोय का म्हणून लोक फ्रेम थांबवून लाल गोल काढत बसलेत. २००२ च्या मॅपवर बोट ठेवून काही सापडणार नाही, मायामीचा नकाशा उघडा.