नदीचे काम टाकीत

कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात आणि तेथून पुढे कृष्णा सांगलीकडे जाते. २०११ च्या जनगणनेनुसार या गावाची लोकसंख्या सुमारे ५४ हजार होती. माणशी दररोज १३५ लिटर पाणी हा पाणीपुरवठ्याचा रूढ निकष धरला आणि त्यातले ८० टक्के पाणी वापरून बाहेर पडते असे मानले, तर एवढ्या वस्तीचे सांडपाणी दिवसाला ५८ लाख लिटरांच्या आसपास भरते. या सांडपाण्यात ९९ टक्क्यांहून अधिक पाणीच असते; मग उरलेल्या अंशाने नदीचे एवढे काय बिघडावे?

उत्तर पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनमध्ये आहे. आपल्या हवामानात नदीच्या स्वच्छ पाण्यात लिटरमागे साडेसात-आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो आणि तो चारच्या खाली उतरला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. घाण खाणारे जीवाणू हाच ऑक्सिजन वापरतात. त्यांना तो किती लागेल याचे माप म्हणजे जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी, बोलीत ‘बीओडी’. घरगुती सांडपाण्यात ती लिटरला सुमारे २५० मिलिग्रॅम असते. म्हणजे असे एक लिटर पाणी नदीच्या तेहतीसएक लिटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन संपवू शकते. पावसाळ्यात हे खपून जाते, पण मे महिन्यात पात्रात डबकीच उरलेली असताना नदीला हा हिशेब झेपत नाही.

मैलाशुद्धीकरण केंद्रात नदीचेच काम होते, फक्त दाटीवाटीने आणि घाईने. आधी जाळीवर पिशव्या, चिंध्या, केस आणि गुटख्याच्या पुड्या अडतात, मग वाळू खाली बसते. खरी प्रक्रिया पुढच्या टाकीत होते, जिथे ब्लोअरने तळातून हवा सोडलेली असते. १९१४ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर येथे एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा खेळवून पाहिली, तेव्हा ते पूर्ण शुद्ध व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी वरचे पाणी काढून खाली बसलेला गाळ तसाच ठेवला आणि त्यावर नवे सांडपाणी ओतले. असे वारंवार करत गेल्यावर तेच काम २४ तासांच्या आत होऊ लागले. त्या गाळात जीवाणूंची पोसलेली फौज होती. दुधाला विरजण लावणाऱ्या कोणत्याही घराला ही युक्ती नवी वाटू नये. आजही खाली बसलेल्या गाळाचा मोठा भाग पंपाने पुन्हा टाकीत आणला जातो.

ही फौज ठीक आहे की नाही, हे पाहायला केंद्रातला कर्मचारी टाकीतले पाणी एक लिटरच्या काचेच्या नळकांड्यात भरून अर्धा तास स्थिर ठेवतो. गाळ नीट बसून त्याची पातळी दोनशे-तीनशे मिलिलिटरच्या खुणेपाशी आली आणि वरचे पाणी नितळ दिसले, तर सहसा काळजीचे कारण नसते. गाळ फुगून वरच राहिला, तर तंतूसारखे जीवाणू माजल्याची शंका घ्यायची.

प्रक्रिया केलेल्या पाण्याची बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत असावी, ही आपल्याकडची जुनी मर्यादा आहे. ती पाळली तर तेहतीस लिटरांचा तो बोजा चार लिटरांवर येतो. वनस्पतींना पोसणारे नायट्रोजन आणि फॉस्फरस मात्र साध्या केंद्रातून बऱ्याच अंशी निसटतात, म्हणून पाणी नितळ असूनही पुढच्या बंधाऱ्यात जलपर्णी माजू शकते. शिवाय जी गटारे केंद्राला जोडलेलीच नाहीत आणि नाल्यातून थेट पात्रात उतरतात, त्यांच्यापुढे उत्तम यंत्रणाही निरुपयोगी ठरते. माझ्या मते टाकीच्या उद्घाटनापेक्षा या जोडण्यांकडे आधी पाहावे.

वीज गेली आणि ब्लोअर थांबला, की काही तासांत टाकीतला ओल्या मातीचा वास जाऊन कुजका वास येऊ लागतो आणि तपकिरी पाणी काळवंडते. बीओडीची चाचणी आपल्याकडे २७ अंश सेल्सिअसला तीन दिवस चालते, त्यामुळे प्रयोगशाळेचा आकडा हाती येईपर्यंत ते पाणी पुढच्या गावाच्या घाटाखालून केव्हाच गेलेले असते.