धडक त्याने दिली, मग गुण मला का?

ऑनलाइन रेसिंगमध्ये वर्षानुवर्षे फिरणारा एक समज: मागच्याने ठोकलं तर आपल्या सेफ्टी रेटिंगला, म्हणजे आपण किती सुरक्षित चालवतो याच्या मानांकनाला, धक्का लागत नाही. आयरेसिंग या ऑनलाइन रेसिंग गेममध्ये तरी हे साफ चुकीचं आहे. तिथली यंत्रणा दोष कुणाचा हे बघतच नाही. डांबरी ट्रॅकवर जोरात टक्कर झाली की दोघांच्याही नावावर 4 इन्सिडेंट पॉइंट, म्हणजे दंडाचे गुण. चाकं ट्रॅकबाहेर गेली तर 1, गाडीवरचा ताबा सुटला तर 2. हे सगळं एकापाठोपाठ लगेच घडलं तर बेरीज होत नाही, सर्वांत मोठा आकडाच धरला जातो.

अन्याय वाटतो, मान्य. पण रेटिंग एका टकरीवर ठरत नाही. किती वळणांमागे किती पॉइंट, याची सरासरी धरली जाते. म्हणून पहिल्याच वळणावर कुणी उडवलं आणि गाडी चालण्याजोगी असेल, तर चिडून बाहेर पडू नका. उरलेलं प्रत्येक स्वच्छ वळण ती सरासरी सुधारतं. आणि आतल्या बाजूने कुणी उशिरा ब्रेक मारत घुसताना दिसला, तर हक्क तुमचा असला तरी त्याला जागा द्या. तो पुढच्या वळणावर बहुतेक बाहेर फेकला जातोच.