कानातल्या हाडांची सिमेंटने जोडणी: नागपुरात फुले योजनेतून मंजुरी कशी घ्यावी

"सिमेंटचा अर्ज कुठे मिळतो रे?" काकूंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यांच्या ऑपरेशनच्या कागदांसाठी माझे तीन दिवस गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

सिमेंटसाठी वेगळा अर्ज नसतो. मंजुरी घ्यायची ती कानाच्या शस्त्रक्रियेची. कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन हाडं साखळीसारखी जोडलेली असतात. कान वर्षानुवर्षं वाहत राहिला की बहुतेकदा ऐरणीच्या लांब दांडीचं टोक आधी झिजतं, कारण तिथला रक्तपुरवठा मुळातच तोकडा. मग रिकिबीशी असलेला सांधा सुटतो आणि आवाज पुढे पोचत नाही. फट लहान असेल, रिकीब शाबूत आणि हलती असेल, तर डॉक्टर भुकटी आणि द्रव कालवून त्याचा थेंब सुईच्या टोकाने फटीत ठेवतात. दाताचे डॉक्टर दाढेत भरतात, त्याच जातीचं हे सिमेंट असू शकतं. काही मिनिटांत ते घट्ट होतं. फट मोठी असली तर रुग्णाचंच हाड घासून बसवतात किंवा कृत्रिम हाड वापरतात. यातलं काय करायचं ते पडदा उचलून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच नक्की होतं. म्हणून सिमेंटचाच हट्ट धरू नका.

वैद्यकीय पात्रता श्रवण चाचणीवरून कळते. बंद खोलीत हेडफोन लावून बसवतात, आवाज आला की बटण दाबायचं. नंतर कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून पुन्हा तेच. हाडातून चांगलं ऐकू येतं आणि हवेतून कमी, म्हणजे आतली नस ठीक आहे, अडचण पडद्यात किंवा साखळीत आहे. नसच कमजोर असेल तर हाडं जोडून उपयोग होत नाही. कान वाहत असेल तर आधी औषधांनी कोरडा करायला सांगतात, कारण ओलाव्यात सिमेंट नीट धरत नाही.

आता योजना. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना 2012 मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून सुरू झाली. आधी कुटुंबाला वर्षाला दीड लाखांचं संरक्षण होतं, आता 5 लाखांचं आहे. पिवळ्या आणि केशरी कार्डांसोबत आता पांढरं रेशन कार्डही चालतं. नागपुरात मेडिकल आणि मेयो ही दोन्ही सरकारी रुग्णालयं योजनेत आहेत. खाजगी रुग्णालयात जायचं असेल तर ते योजनेत आहे का, आणि कान-नाक-घसा विभागासाठी आहे का, हे दोन्ही विचारा.

कागद फार नाहीत: रेशन कार्ड, आधार आणि डॉक्टरांचे तपासणीचे कागद. झेरॉक्ससोबत मूळ कागदही ठेवा. खरी अडचण नावात येते. काकूंच्या रेशन कार्डावर नावापुढे 'बाई' होतं, आधारवर नव्हतं. दुरुस्तीत दोन दिवस गेले. लग्न झालेल्या मुलींचं तर माहेरच्या कार्डातून नाव कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. ओपीडीला जाण्याआधीच नावं ताडून पाहा आणि पुरवठा विभागातून दुरुस्त करून घ्या.

मग सकाळी ओपीडीची चिठ्ठी काढायची, कान-नाक-घसा विभागात दाखवायचं आणि श्रवण चाचणी करून घ्यायची. डॉक्टर सीटी स्कॅनही सांगू शकतात. शस्त्रक्रिया ठरली की रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे जा. तो नोंदणी करतो आणि कागद चढवून रुग्णालयामार्फत पूर्वमंजुरी मागतो. मंजुरीच्या आधी शस्त्रक्रिया करून नंतर पैसे मागता येतील, या भरवशावर राहू नका. मंजूर शस्त्रक्रिया कॅशलेस असते. तरी कुणी सामान बाहेरून आणायला सांगितलं, तर आधी आरोग्यमित्राला विचारा, किंवा योजनेच्या हेल्पलाइनला 155388 वर फोन करा.

सुट्टी झाल्यावर कानात पाणी जाऊ देऊ नका आणि नाक जोराने शिंकरू नका. ऐकू किती आलं ते दोन-तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी करून बघतात. हवेतून आणि हाडातून ऐकण्यातला फरक 20 डेसिबलच्या आत आला, तर डॉक्टर शस्त्रक्रिया यशस्वी मानतात. हे ताडायला आधीच्या श्रवण चाचणीचा आलेख लागतो आणि तो बहुतेकदा फाइलमध्येच अडकलेला असतो. फाइल जमा करण्याआधी त्याची एक झेरॉक्स काढून घरी ठेवा.