पत्र्याच्या शेडमधला ५जी

अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत यंत्रमागाच्या शेडमध्ये मुकादमी करणारे माझे एक शेजारी आणि जुळे सोलापुरात घरूनच हिशेबाची कामे पाहणारे त्यांचे धाकटे बंधू, या दोघांनी गेल्या दिवाळीत नवी पेठेतल्या एकाच दुकानातून, एकाच दिवशी, एकाच मॉडेलचे दोन ५जी फोन घेतले. सिमकार्डेही एकाच कंपनीची. महिनाभरातच थोरल्या भावाची तक्रार सुरू झाली, की सकाळी सातला पूर्ण चार्ज केलेला फोन दुपारी चारच्या सुमारास मान टाकतो. धाकट्याच्या फोनमध्ये मात्र रात्री निजताना तिसेक टक्के शिल्लक असते. आपल्या वाट्याला खराब बॅटरी आली, असे थोरल्याचे म्हणणे. दुकानदाराने ‘५जी म्हटले की बॅटरी जाणारच’ असे सांगून त्यांची बोळवण केली. या दोन्ही स्पष्टीकरणांनी धाकट्याच्या तीस टक्क्यांचा उलगडा होत नाही, कारण त्याचाही फोन ५जीच आहे.

आधी शिल्लक किती असते ते पाहू. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी सरासरी ३.८५ व्होल्टला चालते असे धरले, तर तिच्यात साधारण १९ वॅट-तास ऊर्जा साठते. घरातला ९ वॅटचा एलईडी दिवा तेवढ्यावर जेमतेम दोन तास जळेल. फोन चोवीस तास टिकायचा असेल, तर त्याने सरासरी ०.८ वॅटच्या आतच भागवले पाहिजे. सरासरी दुप्पट झाली की बारा तासांत खेळ आटोपतो. या तुटपुंज्या अंदाजपत्रकात पडदा, प्रोसेसर आणि रेडिओ (टॉवरशी बोलणारा भाग) असे तीन मोठे वाटेकरी असतात. पडद्याचा आणि प्रोसेसरचा खर्च बव्हंशी आपल्या वापरावर ठरतो, परंतु रेडिओचा खर्च आपण कोठे उभे आहोत यावर ठरतो, आणि फोन घेताना नेमका हाच मुद्दा कोणी विचारत नाही.

मोबाइल फोन हा केवळ ऐकणारा रेडिओ नाही. त्याला टॉवरपर्यंत आपला आवाज पोहोचवावाही लागतो. किती जोराने बोलायचे, ते टॉवर त्याला क्षणोक्षणी सांगत असतो. टॉवर जवळ असेल आणि मध्ये अडथळा नसेल, तर एक मिलिवॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी शक्तीत काम भागते. अंतर वाढले, भिंती आल्या, की फोन आवाज चढवत जातो. सर्वसाधारण फोनला त्याची कमाल मर्यादा सुमारे २०० मिलिवॅट इतकी असते. एवढी शक्ती अँटेनातून बाहेर पाडण्यासाठी आतल्या प्रवर्धकाला (ॲम्प्लिफायरला) बॅटरीतून अर्ध्या वॅटहून अधिक शक्ती ओढावी लागते, कारण उरलेली उष्णतेत वाया जाते. ०.८ वॅटच्या सरासरीत अर्धा वॅट ही किती मोठी उधळपट्टी आहे, हे सांगायला नको.

ही तफावत घरच्या घरी पाहता येते. अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीखाली ‘सिम स्टेटस’ असते आणि तेथे सिग्नलची शक्ती ‘डीबीएम’ या एककात, ऋण आकड्यात दिसते. आमचे घर जुन्या पेठेतले, माळवदाचे, हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंतींचे. वरती माळवदावर माझ्या फोनने उणे ८२ दाखवले. खाली माजघरात, देवळीपाशी तोच आकडा उणे १०९ झाला. सत्तावीसचा फरक किरकोळ वाटतो, पण हे मोजमाप लॉगॅरिदमचे आहे, त्यात दर दहा अंकांना शक्ती दहापट बदलते. म्हणजे जिन्याच्या बारा पायऱ्या उतरताना सिग्नल सुमारे पाचशेपट क्षीण झाला होता. उन्हाळ्यात ज्या भिंती आम्हाला गारवा देतात, त्याच फोनला घाम फोडतात.

आता यात ५जीचा दोष किती? १ ऑक्टोबर २०२२ रोजी भारतात ५जी सेवा सुरू झाली, तेव्हा तिचा मुख्य भार ३,३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या वारंवारतांच्या पट्ट्यावर होता आणि आजही तो बराचसा तेथेच आहे. या पट्ट्यात जिओ आणि एअरटेल या कंपन्यांना प्रत्येकी सलग १०० मेगाहर्ट्झ रुंदीची वाट मिळालेली आहे; ४जीची एक वाट फार तर २० मेगाहर्ट्झ रुंद असते. वेगाचे रहस्य या रुंदीत आहे. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाने १९४८ मध्येच दाखवून दिले, की एखाद्या वाटेवरून जाऊ शकणाऱ्या माहितीचा वेग तिच्या रुंदीच्या प्रमाणात वाढतो, परंतु सिग्नलची शक्ती वाढवली तर तो अगदी मंदपणे, लॉगॅरिदमच्या चालीने वाढतो. म्हणून वेग हवा तर रुंद वाट हवी, आणि तेवढी रुंद मोकळी वाट वरच्या वारंवारतांमध्येच शिल्लक होती.

वरच्या वारंवारतेला किंमत मात्र मोजावी लागते. इतर सर्व काही सारखे ठेवले, तर ७०० मेगाहर्ट्झऐवजी ३,५०० मेगाहर्ट्झ वापरल्यास तेवढ्याच अंतरावर सुमारे पंचविसावा हिस्सा शक्ती हाती लागते. भिंतींतून होणारी गळतीही जास्त असते. कंपन्या ही तूट भरून काढण्यासाठी टॉवरवर डझनावारी लहान अँटेनांचे तक्ते बसवतात आणि विजेरीच्या झोतासारखा सिग्नल नेमका ग्राहकाच्या दिशेने टाकतात. खिशातल्या फोनला ही चैन परवडत नाही. त्यामुळे टॉवरकडून येणारी बाजू भक्कम आणि फोनकडून जाणारी बाजू लंगडी, असा प्रकार होतो: चित्रफीत झटकन दिसते, पण स्वतः काढलेला फोटो पाठवताना फोन तापतो. त्यात या पट्ट्यासाठी फोनमध्ये सिग्नल आत घेणाऱ्या चार अँटेना असाव्यात असा तांत्रिक मानकांचा दंडक आहे, जेथे ४जीचे बहुतेक काम दोन अँटेनांवर चालते. पाचपट रुंद वाटेवरून येणारा माल चार दारांनी आत घ्यायचा, म्हणजे मोजदाद करणारी यंत्रणाही तेवढी जागी ठेवावी लागते, मग माल थोडा येवो की फार.

दुसरा खर्च जोडणीच्या पद्धतीचा आहे. जिओने सुरुवातीपासून ‘स्टँडअलोन’, म्हणजे स्वतंत्र पायावर उभे असलेले ५जी उभारले आणि त्यासाठी ७०० मेगाहर्ट्झचा खालचा पट्टाही घेतला. एअरटेलने सुरुवात ‘नॉन-स्टँडअलोन’ पद्धतीने केली, ज्यात ५जीची जोडणी आधीच्या ४जीच्या आधाराने चालते. या दुसऱ्या पद्धतीत फोनला दोन्ही रेडिओ एकदम सांभाळावे लागतात आणि बॅटरीवर तिचा ताण पडतो. कंपनीला मात्र यात ५जी लवकर पसरवता आले, हेही खरे. फोन घेताना एक गोष्ट आवर्जून पाहावी: काही अगदी स्वस्त ५जी फोन फक्त स्टँडअलोन पद्धतच ओळखतात. आपल्या सिमकार्डाची कंपनी आपल्या भागात दुसरी पद्धत वापरत असेल, तर खोक्यावर ५जी लिहिलेला फोन तेथे ४जीवरच चालेल.

एवढे वाचून वेग म्हणजे बॅटरीचा शत्रू, असे वाटेल. पण हिशेब उलटाही पडतो. समजा, एक गिगाबाइटचा चित्रपट उतरवायचा आहे. सेकंदाला २० मेगाबिट या वेगाने त्याला ४०० सेकंद लागतील, २०० मेगाबिटने ४० सेकंद. रेडिओ पहिल्या वेळी १.५ वॅट आणि दुसऱ्या वेळी २.५ वॅट घेतो असे धरले, तरी पहिल्या रीतीने ६०० जूल खर्च होतात आणि दुसऱ्या रीतीने अवघे १००. चांगल्या सिग्नलखाली मोठे काम झटपट उरकून झोपी जाणारा ५जी रेडिओ काटकसरी ठरतो.

अडचण ही, की आपले दिवसभराचे काम असे मोठे नसतेच. एखादा निरोप, यूपीआयचा व्यवहार, बातमीची सूचना, हे सारे काही किलोबाइटांचे चणेफुटाणे. ते पोहोचवून झाल्यावरही रेडिओ लगेच झोपत नाही. आणखी काही येईल या अपेक्षेने तो काही सेकंद, अनेक नेटवर्कांवर दहा सेकंदांच्या आसपास, जागा राहतो. दर मिनिटाला एक निरोप येत असेल, तर काम निमिषभराचे आणि जागरण दहा सेकंदांचे. या जागरणात डुलकी घेण्याची सोय नव्या मानकांनी आणि नव्या मोडेमनी (रेडिओचे काम सांभाळणाऱ्या चिपांनी) वाढवली आहे, म्हणून २०२० च्या आसपासच्या पहिल्या ५जी फोनांवरून आजच्या फोनांना नावे ठेवणे अन्यायाचे आहे. त्या वेळी काही महागड्या फोनांत ५जीचा मोडेम प्रोसेसरपासून वेगळ्या चिपवर असे आणि तो स्वतंत्रपणे वीज खात असे.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत होम मैदानाच्या बाजूला उभे राहिले, की ५जीचा खरा उपयोग कळतो. नंदीध्वज समोरून जात असतात, हजारो हात फोन उंचावून चित्रण करत असतात, रेंजच्या काड्या पूर्ण असतात आणि तरीही ४जीवरून साधा फोटो जात नाही, कारण सिग्नल भरपूर असला तरी वाट सर्वांत वाटली गेलेली असते. फोन पुनःपुन्हा प्रयत्न करतो आणि प्रत्येक फसलेला प्रयत्न बॅटरीतून वळता होतो. अशा गर्दीत रुंद वाट वेगाबरोबर बॅटरीही वाचवते. याउलट पुण्याच्या गाडीत बसून कुर्डुवाडी, दौंड मागे टाकत जाताना धातूच्या डब्यातला फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर, ५जीवरून ४जीवर आणि पुन्हा ५जीवर उड्या मारत असतो. तेथे मी ५जी सरळ बंद करून टाकतो.

आता सोलापूरकरांना अधिक जवळचा विषय, तो म्हणजे ऊन. एप्रिल-मेमध्ये येथे पारा चाळिशी ओलांडतो, पत्र्याखाली त्याहून अधिक. ॲपल आपला आयफोन ० ते ३५ अंश सेल्सिअसच्या हवेत वापरावा असे सांगते. म्हणजे आमचा निम्मा उन्हाळा या शिफारशीच्या बाहेरच जातो. लिथियम-आयन बॅटरीत उष्णतेने नको त्या रासायनिक क्रिया वेग घेतात आणि तिची साठवणक्षमता कायमची घटत जाते. फोन स्वतःला वाचवण्यासाठी पडदा मंद करतो, चार्जिंग हळू करतो आणि अनेकदा ५जी सोडून ४जीवर उतरतो. ज्या वेगासाठी जास्तीचे पैसे मोजले, तो वेग मे महिन्याच्या दुपारी फोनच नाकारतो, याची मला नेहमी गंमत वाटते. कडक उन्हात, रेंज नसलेल्या जागी, चार्जिंगला लावून वापरलेला फोन तिन्ही बाजूंनी भाजला जातो.

दोन भावांकडे परत जाऊ. धाकट्याच्या घरात वाय-फाय आहे; त्याच्या फोनला दिवसाचे जवळजवळ सगळे काम पाच-सात मीटरवरच्या राउटरशी हळू आवाजात बोलून करता येते. थोरल्याचा फोन पत्र्याच्या शेडमध्ये असतो. पत्रा रेडिओलहरी परतवून लावतो. जे काही आत येते ते दारे, झरोके आणि फटींतून. फोन ५जी शोधतो, क्षणभर पकडतो, सोडतो, ४जीवर येतो, पुन्हा शोधतो. शिवाय त्यांच्या फोनमध्ये दुसरे एक सिम होते, गावाकडच्या नंबराचे, फक्त चालू राहावे म्हणून रिचार्ज केलेले. त्याला शेडमध्ये मुळीच रेंज नव्हती. रेंज न मिळणारे सिमही टॉवरच्या शोधात फोनला थोड्या थोड्या वेळाने उठवत राहते, हे त्यांच्या गावीही नव्हते.

म्हणून नवा फोन घेताना मी आता उलट क्रमाने जातो. आधी जुन्याच फोनवर, आपला दिवस जेथे जातो तेथे, दुकानात, कार्यालयात, माजघरात, सिग्नलचा आकडा पाहावा. उणे नव्वदच्या आसपास असेल, तर वेगवान मोडेमवर पैसे घालायला हरकत नाही, ५जी तेथे बॅटरीला जड जाणार नाही. उणे ११० च्या पलीकडे असेल, तर त्याच पैशांत मोठी बॅटरी घ्यावी. सिलिकॉन-कार्बन पद्धतीच्या बॅटऱ्यांमुळे ६,००० मिलिअँपिअर-तासांच्या पुढचे फोनही आता खिशात मावतात. प्रोसेसर कमी नॅनोमीटरच्या, म्हणजे अधिक बारीक घडणीच्या, नव्या पिढीचा आहे ना, हे बॅटरीच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे. बॅटरी किती चार्जिंग-चक्रे (पूर्ण भरून रिकामी होण्याच्या फेऱ्या) टिकेल, हेही विचारावे. युरोपीय संघाने जून २०२५ पासून संघातल्या देशांत विकल्या जाणाऱ्या फोनांना ८०० चक्रांनंतर किमान ८० टक्के क्षमता राखण्याची अट घातली आहे, आणि तेथे विकले जाणारे अनेक फोन आपल्याही बाजारात येतात. स्पीड टेस्टचा आकडा मात्र फोन निवडायला कुचकामी आहे. पूर्ण एचडी चित्रफितीला सेकंदाला पाचेक मेगाबिट पुरतात. पाचशेपैकी उरलेले चारशे पंच्याण्णव मिरवण्यापुरतेच.

थोरल्या भावांना मी आधी सुचवले, की फोन शेडच्या दाराशी, कोनाड्यात ठेवावा. त्यांनी माझ्याकडे दयार्द्र नजरेने पाहिले आणि म्हणाले, “सर, माग चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, कोनाड्यातली रिंग कुठनं ऐकू येणार? तो खिशात थरथरला तरच कळतंय.” त्यामुळे फोन खिशातच राहिला. पसंतीचे नेटवर्क ४जी केले, गावाकडचे सिम शेडमध्ये असेतो बंद ठेवले आणि घरी आल्यावर दोन्ही पूर्ववत करायची सवय त्यांनी लावून घेतली. आठवड्याने ते भेटले, तेव्हा रात्रीचे साडेआठ झाले होते आणि त्यांच्या फोनमध्ये एकोणीस टक्के शिल्लक होती. धाकट्याची तीस आहे, हे त्यांनी लगोलग बोलून दाखवले.