दिल्लीपासून तंजावरपर्यंत एकच उंट

‘एज ऑफ एम्पायर्स २’ या कंप्युटरवरच्या युद्धखेळाचा ‘डायनास्टीज ऑफ इंडिया’ हा एक्स्पान्शन पॅक, म्हणजे मूळ खेळाला जोडायची भर, २८ एप्रिल २०२२ रोजी आला. त्यावर खेळाडूंनी जे लिहिलं-बोललं त्यात एक गंमत होती: कौतुक करणारा आणि कुरकुरणारा बरेचदा एकच माणूस असायचा. चोळांची मोहीम (म्हणजे कथानक धरून खेळायच्या लढायांची मालिका) आली म्हणून तो हरखलेला, आणि त्याच दमात दक्षिणेतल्या लोकांना ‘द्रविडियन्स’ हे काय नाव झालं म्हणून वैतागलेला. मराठी पोरांचा प्रश्न तर ठरलेलाच होता: सगळे आले, मग मराठे कुठेत?

ही मतं एका पॅकवरची वाटतात, पण ती बावीस वर्षं साचत आलेली होती. कशी साचली ते पाहायचं तर १९९९ पर्यंत मागे जावं लागतं.

मूळ खेळ त्या वर्षी ३० सप्टेंबरला आला. बनवला होता अमेरिकेतल्या डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओजनी, प्रकाशक मायक्रोसॉफ्ट. त्यात तेरा संस्कृती होत्या. (खेळाडू त्यांना ‘सिव्ह’ म्हणतात, पुढे मीही तेच म्हणतो.) ब्रिटन्स, फ्रँक्स, गॉथ्स, ट्यूटन्स, व्हायकिंग्ज, केल्ट्स असे निम्मे लोक युरोपचे. आशियातून चिनी, जपानी, मंगोल, पर्शियन्स, सारासेन्स, तुर्क. मध्ययुगावरचा खेळ, आणि हिंदुस्थानचा त्यात पत्ताच नाही. हत्ती हवा असेल तर पर्शियन्स घ्यायचे.

आम्ही घ्यायचोही. २००२-०३ च्या सुमारास आमच्या गल्लीच्या तोंडावर एक सायबर कॅफे होता. आठ कंप्युटर, तासाला वीस रुपये, आणि दुपारी दोन ते चार शाळकरी पोरांना सवलत. सीडी कुणाच्या तरी दादाच्या मित्राने ‘राईट’ करून आणलेली, वर मार्करने नुसतं ‘एओई २’ लिहिलेलं. आमच्यातला एकजण दर वेळी पर्शियन्स घ्यायचा, हत्ती जमवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ‘हर हर महादेव’ म्हणत चाल करून जायचा. हत्ती इतके सावकाश चालायचे की तो समोरच्या तटाला भिडेपर्यंत अर्ध्या वेळा तास संपलेला असायचा. बाकीच्यांचा भर कोब्रा गाडीवर. ‘हाऊ डू यू टर्न धिस ऑन’ एवढं टाइप केलं की बाराव्या शतकात बंदूक लावलेली मोटार अवतरायची. त्या वाक्यामुळे आमच्यातल्या काहींचं इंग्रजी स्पेलिंग सुधारलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

पहिला एक्स्पान्शन, ‘द कॉन्करर्स’, ऑगस्ट २००० मध्ये आला. त्यात अॅझ्टेक, माया, हूण, स्पॅनिश आणि कोरियन असे पाच सिव्ह वाढले. यातले कोरियन कसे आले ते मुद्दाम सांगण्यासारखं आहे. मूळ आराखड्यात ते नव्हते. पण दक्षिण कोरियात तेव्हा ‘स्टारक्राफ्ट’ या दुसऱ्या युद्धखेळाचं वेड शिगेला पोचलं होतं, त्या बाजारात शिरकाव व्हावा म्हणून प्रकाशकाच्या आग्रहाने ते उशिरा घुसवले गेले. म्हणजे खेळात कुणाचा इतिहास येणार याचं उत्तर पुष्कळदा इतिहासाच्या पुस्तकात नसतं, विक्रीच्या वहीत असतं. आता आमच्या त्या मार्करने नाव लिहिलेल्या सीडीची नोंद कुणाच्या वहीत होणार होती? हिंदुस्थान खेळात नाही म्हणून चिडणाऱ्यांपैकी किती जणांनी खोका विकत घेतला होता, हे कुणी मोजलं नसेल तेच बरं.

अधल्यामधल्या वर्षांत भारतीय दिसले ते दुसऱ्या खेळांत, आणि तेही एक्स्पान्शनमधूनच. ‘राइज ऑफ नेशन्स’च्या २००४ मधल्या पॅकमध्ये ते आले. तो खेळ बनवणाऱ्या बिग ह्यूज गेम्स या कंपनीनेच ऑक्टोबर २००७ मध्ये ‘एज ऑफ एम्पायर्स ३’साठी ‘द एशियन डायनास्टीज’ केला. त्यात जपानी आणि चिन्यांबरोबर भारतीय. ताजमहाल, चारमिनार, आग्र्याचा किल्ला हे बांधल्याशिवाय पुढच्या युगात जाता येत नाही, अशी रचना. नकाशांमध्ये एकाचं नाव ‘डेक्कन’. १८५७ च्या उठावावर एक अख्खी मोहीम, आणि तिचा नायक नानिब साहिर! नाव कानपूरच्या नानासाहेबांवरून बेतलंय हे उघड आहे, पण असं नाव कुठल्या घराण्यात ठेवतात ते देव जाणे.

त्या पॅकमधली गायीची गोष्ट मात्र खेळाडू अजून काढतात. बहुतेक सिव्हांची माणसं गुरं कापून अन्न मिळवतात. भारतीयांना ती मुभा नाही. गाय कुरणात नेऊन बांधायची, ती तिथे नुसती उभी राहणार आणि तिच्यापासून अनुभवाचे गुण मिळत राहणार. शिवाय बहुतेक सिव्हांना गावकरी घडवायला अन्न लागतं, भारतीयांना लाकूड. खेळ म्हणून ही कल्पना चांगली होती. जंगल आधी तोडायचं की घरं आधी बांधायची याचं सगळं गणितच बदलायचं. इतिहास म्हणून पाहिलं तर हिंदुस्थान म्हणजे गाय, हत्ती आणि ताजमहाल, असं पर्यटन खात्याच्या कॅलेंडरसारखं चित्र. दोन्ही मतं तेव्हाही होती, आणि दोन्ही बरोबर होती.

एन्सेम्बल स्टुडिओज २००९ च्या सुरुवातीला बंद पडला. दुसरा भाग तिथेच संपायचा, पण तो जिवंत ठेवला हौशी लोकांनी. २०१२ च्या अखेरीस ‘फरगॉटन एम्पायर्स’ या नावाने खेळाडूंनीच बनवलेला एक फुकट मॉड, म्हणजे खेळात केलेली हौशी भर, आला. पुढच्या वर्षी मायक्रोसॉफ्टने खेळाची एचडी आवृत्ती काढली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच मॉडचं ‘द फरगॉटन’ या नावाने अधिकृत एक्स्पान्शनमध्ये रूपांतर झालं. त्यातल्या पाच नव्या सिव्हांत एक होता ‘इंडियन्स’. तेरा-चौदा वर्षांची वाट संपली आणि खरी कटकट तिथूनच सुरू झाली.

कारण सगळं मिळून एकच सिव्ह. पृथ्वीराज चौहानाची मोहीम त्याच सिव्हने खेळायची, दिल्लीचे सुलतान तेच, आणि दक्षिणेतलं कुणी हवं असेल तरी तेच. या खेळात सिव्ह म्हणजे नुसतं नाव नसतं. कुणाला कुठलं सैन्य मिळणार, कुठल्या सुधारणा मिळणार नाहीत, बांधकाम कसं दिसणार, सगळं त्यावर ठरतं. या इंडियन्सना नाईट हा जड घोडेस्वार नव्हता, त्याऐवजी उंट दिले होते, आणि ते उंट खेळातले सर्वांत तगडे. समोरचा घोडदळ घेऊन आला तर त्याची धडगत नाही. पण म्हणजे तंजावरच्या राजानेही उंटांवर बसून लढायचं! कावेरीच्या काठी उंटांची पलटण पाहून तमिळ खेळाडूंना काय वाटलं असेल ते सांगायला नको. फ्रान्सच्या आसपासच्या लोकांना चार-चार सिव्ह आणि आपल्याकडे अख्ख्या उपखंडाला एक, ही तक्रार याच काळात पक्की झाली.

त्यात २०१६ च्या डिसेंबरमध्ये ‘राइज ऑफ द राजाज’ आला. नाव ऐकून इकडे उकळ्या फुटल्या. उघडून पाहिलं तर ब्रह्मी, ख्मेर, मलय आणि व्हिएतनामी. पॅक उत्तम होता, ‘बॅटल एलिफंट’ हे नवे लढाऊ हत्ती त्यातूनच आले. पण राजा आमचा आणि राज्य दुसऱ्याचं, ही भावना काही जणांच्या मनातून गेली नाही. २०१९ मध्ये खेळाची ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ निघाली, २०२१ मध्ये दोन पॅक आले, बरगंडियन, सिसिलियन, पोल आणि बोहेमियन. दोन्ही युरोपचेच. तेव्हा कुरकुर टोकाला पोचली होती.

‘डायनास्टीज ऑफ इंडिया’चं स्वागत एवढं जोरात का झालं, हे या क्रमानंतर आपोआप कळतं. जुन्या इंडियन्सचं नाव बदलून हिंदुस्तानीज केलं, उंट त्यांच्याकडे ठेवले, आणि बंगालीज, द्रविडियन्स, गुर्जराज असे तीन नवे सिव्ह दिले. तीन मोहिमा: बाबर, पाल घराण्यातला देवपाल आणि राजेंद्र चोळ. राजेंद्राने १०२५ च्या सुमारास समुद्र ओलांडून श्रीविजयावर आरमार नेलं होतं. शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत उरकलेली ती स्वारी इथे स्वतःच्या हाताने जहाजं बांधून करायला मिळते, हे सुख मोठं होतं.

बारकावेही मनापासून केलेले दिसत होते. गुर्जरांना मेंढ्या कापायची गरज नाही, त्या गिरणीत नेऊन ठेवल्या की अन्न थेंबाथेंबाने येत राहतं. २००७ मधली गाय इथे जास्त शहाणी होऊन परतली, असं म्हणायला हरकत नाही. बंगाल्यांचा रथ बटण दाबताच बाण सोडायचं थांबवून हातघाईवर येतो. द्रविडियन्सना नव्या युगात जाताना २०० लाकूड फुकट, त्यांच्याकडे उरुमीचे, म्हणजे लवलवत्या पात्याच्या तलवारीचे, तलवारबाज.

पण स्पर्धा म्हणून खेळणाऱ्यांची मोजपट्टी वेगळी असते. पहिल्या आठवड्यांतच कळलं की गुर्जर भलतेच भारी झालेत. त्यांचा श्रीवंश घोडेस्वार येणारे बाण ढालीवर चुकवत थेट गावकऱ्यांत घुसायचा. पुढच्या पॅचेसमध्ये, म्हणजे खेळाच्या दुरुस्त्यांमध्ये, त्यांना टप्प्याटप्प्याने ‘नर्फ’ केलं, म्हणजे धार कमी केली. द्रविडियन्सचं उलट. पाण्याच्या नकाशावर वाघ, आणि उघड्या जमिनीवर घोडदळ इतकं लंगडं की खेळाडू त्यांना निवडेनात. ज्या सिव्हची इतकी वर्षं वाट पाहिली तोच कमकुवत निघाला, ही खंत दक्षिणेतल्या खेळाडूंच्या बोलण्यात दिसते ती यामुळे.

नावाचा वाद याहून खोल आहे. ‘द्रविडियन’ हा शब्द आजच्या अर्थाने रूढ झाला तो रॉबर्ट कॉल्डवेलच्या १८५६ च्या व्याकरणामुळे, आणि तो भाषाकुळासाठी. चोळांना किंवा विजयनगरला कुणी ‘तुम्ही द्रविडियन्स’ म्हणालं असतं तर त्यांनी मागे वळूनही पाहिलं नसतं. कन्नड, तेलुगू, तमिळ, मल्याळी सगळ्यांना एका पोत्यात भरायचं तर जुन्या ‘इंडियन्स’मध्ये आणि यात फरक पोत्याच्या आकाराचाच. मला स्वतःला हा आक्षेप पटतो. तरीही चार पोती एका पोत्यापेक्षा बरी.

आणि मराठे? इथे खेळावर रागावण्यात अर्थ नाही. या खेळाचं घड्याळ साधारण १६०० ला थांबतं. त्यातल्या सर्वांत उशिराच्या लढायांपैकी एक कोरियातली नोर्यांगची, १५९८ ची. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा. मागे गेलं तर देवगिरीचे यादव आहेत, ज्यांच्यावर अलाउद्दीन १२९६ मध्ये चालून आला. पण ते चार पोत्यांपैकी कुठल्यात जातात हे सांगताना कुणाचंही एकमत होत नाही. दख्खन हा प्रदेशच असा आहे की उत्तर-दक्षिण अशी रेघ मारायला गेलं की ती आपल्या अंगणातून जाते.

ज्यांना मराठेच खेळायचे होते ते केव्हाच दुसरीकडे गेले होते. २००९ च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ची सुरुवात १७०० सालची, राजाराम महाराज गेले ते वर्ष. त्यात मराठे पहिल्यापासून खेळता येतात, आणि कंप्युटरच्या हाती दिले तरी बहुतेक वेळा मुघलांना गिळून टाकतात. ‘युरोपा युनिव्हर्सॅलिस ४’चा ‘धर्म’ हा पॅक सप्टेंबर २०१८ चा. हा खेळ १४४४ मध्ये सुरू होतो, तेव्हा आपला मुलूख बहमनींकडे. पण नेटाने खेळलं तर पुढे मराठा राज्य घडवता येतं. ‘धर्म’च्या वेळी मराठे, राजपूत, ब्राह्मण, जैन, वैश्य असे दरबारातले गटही आले, ज्यांना खूश ठेवता ठेवता राजाच्या नाकी नऊ येतात. त्या पॅकवर मतं संमिश्र पडली, पण दरबारातली ही ओढाताण आपल्याकडच्या वाचकाला फारशी परकी वाटायची नाही.

‘डायनास्टीज’चं यश पुढच्या एका पॅकला मात्र भोवलं. भारताचे चार भाग झाले, मग चीनचेही होतील, तिबेटी येतील, तांगुत येतील, अशी खेळाडूंची अटकळ होती. मे २०२५ मध्ये ‘द थ्री किंगडम्स’ आला तो तिसऱ्या शतकातल्या वेई, शू आणि वू या राज्यांचा, म्हणजे मध्ययुगाच्या आधीचा. जोडीला खितान आणि जुर्चेन दिले, पण त्यांना मोहीमच नाही. शिवाय नायक म्हणून खास योद्धे, जे या खेळाच्या स्पर्धेत कधी नव्हते. खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानावर नकारात्मक मतांचा पाऊस पडला. रागावलेल्यांच्या तोंडी तुलना होती ती २०२२ च्या पॅकशी: तिथे जमलं, मग इथे का नाही?

मी दरम्यान खेळातला एडिटर, म्हणजे स्वतःची लढाई रचायचं साधन, उघडून कोंडाणा बांधला. उदेभान राठोड राजपूत म्हणून गुर्जरांकडे, किल्ल्यावर त्यांचेच तिरंदाज. मावळ्यांसाठी बरंच शोधून शेवटी द्रविडियन्सचे उरुमीवाले घेतले, कारण पायी चालणारे आणि चपळ तेच. कल्याण दरवाजा झाला, तट झाले, डोणागिरीचा कडा झाला. मग लक्षात आलं की या खेळात कड्यावरून कुणीच चढू शकत नाही. १९९९ पासूनचा नियम, एकाही एक्स्पान्शनने बदललेला नाही. शेवटी ट्रिगर, म्हणजे अमुक झालं की तमुक होईल अशी आज्ञा, लावला: कड्याखाली आलेले मावळे पुसून टाकायचे आणि त्याच क्षणी तेवढेच माथ्यावर निर्माण करायचे. घोरपडीची सोय एवढीच झाली.