न्यूरोपेप्टाइडे आणि कर्कपेशींची वाढ

चेतापेशी परस्परांना संदेश देण्यासाठी ॲमिनो आम्लांच्या ज्या आखूड साखळ्या स्रवतात, त्यांना न्यूरोपेप्टाइडे म्हणतात. नाव चेतासंस्थेशी जोडलेले असले तरी जठर, आतडे, स्वादुपिंड आणि फुप्फुस यांतील विखुरलेल्या अंतःस्रावी पेशीही ती तयार करतात, आणि कर्करोगाशी त्यांचा संबंध मुख्यतः याच पेशींमधून येतो.

या संबंधाचा सर्वाधिक अभ्यासलेला नमुना म्हणजे बॉम्बेसीन. इटालियन औषधशास्त्रज्ञ व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांच्या गटाने १९७०च्या सुमारास बॉम्बिना या युरोपीय बेडकाच्या त्वचेतून १४ ॲमिनो आम्लांचे हे पेप्टाइड वेगळे केले. सस्तन प्राण्यांतील त्याचे भावंड, म्हणजे २७ ॲमिनो आम्लांचे गॅस्ट्रिनमोचक पेप्टाइड, गर्भाच्या वाढत्या फुप्फुसात भरपूर आढळते. प्रौढपणी ते ओसरते. धूम्रपानाशी घट्ट नाते असलेल्या लघुपेशी फुप्फुस कर्करोगात मात्र ते पुन्हा स्रवू लागते. या गाठीतील पेशी पेप्टाइड बाहेर सोडते आणि तेच पेप्टाइड तिच्या स्वतःच्या पटलावरील ग्राहीला (संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला) येऊन चिकटते, म्हणजे वाढीचा हुकूम देणारी आणि पाळणारी पेशी एकच. ग्राही व्यापला जाताच काही सेकंदांत पेशीतील कॅल्शियमची पातळी उसळते, प्रोटीन कायनेज-सी हे विकर जागे होते आणि पुढील साखळी केंद्रकापर्यंत पोचून डीएनएची प्रत काढण्यास चालना देते. १९८५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी या पेप्टाइडाला अडवणारे मोनोक्लोनल प्रतिपिंड (एकाच लक्ष्याला चिकटणारे प्रथिन) वापरून उंदरांमध्ये रोपलेल्या मानवी गाठींची वाढ रोखून दाखवली.

रुग्णांमध्ये या युक्तीला अपेक्षित यश आले नाही, याचे फारसे आश्चर्य वाटू नये. याच कर्कपेशींना न्यूरोटेन्सिन, ब्रॅडिकिनीन, व्हासोप्रेसिन अशी इतर पेप्टाइडेही वाढीस प्रवृत्त करतात. एक वाट बुजवली तरी बाकीच्या उघड्या राहतात. सबस्टन्स-पी या आणखी एका न्यूरोपेप्टाइडाच्या एनके-१ ग्राहीला रोखणाऱ्या ॲप्रेपिटंट या औषधाने प्रयोगशाळेत अनेक कर्कपेशींची वाढ मंदावते. परंतु रुग्णालयात ते दिले जाते ते केमोथेरपीतील उलट्या थांबवण्यासाठी, गाठीवरील उपचार म्हणून नव्हे.

सगळीच न्यूरोपेप्टाइडे वाढीच्या बाजूची नसतात. १९७३ मध्ये मेंदूतील अधश्चेतकातून (हायपोथॅलॅमसमधून) वेगळे केलेले सोमॅटोस्टॅटिन पेशीविभाजनाला आवर घालते. शरीरात ते काही मिनिटांतच विघटित होत असल्याने ऑक्ट्रिओटाइड हे त्याचे टिकाऊ रूप घडवावे लागले. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन चाचणीत, मध्यांत्रातील (आतड्याच्या मधल्या भागातील) पसरलेल्या चेता-अंतःस्रावी अर्बुदांमध्ये (गाठींमध्ये) रोग पुढे सरकेपर्यंतचा मध्यक काळ त्याने ६ महिन्यांवरून १४.३ महिन्यांवर नेला.

ग्राहीचा अधिक कल्पक उपयोग पुढे झाला तो निव्वळ पत्ता म्हणून. सोमॅटोस्टॅटिनसदृश पेप्टाइडाला किरणोत्सारी ल्युटेशियम-१७७ जोडून ते शिरेतून दिले की ग्राहीने दाट भरलेल्या कर्कपेशी ते आत ओढून घेतात, आणि त्याचे बीटा किरण जेमतेम २ मिलिमीटरपर्यंतच मारा करतात. मूत्रपिंडे वाचावीत म्हणून त्यासोबत लायसीन व आर्जिनीन या ॲमिनो आम्लांचे सलाइन चढवतात. मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये हा उपचार होतो. त्यासाठी लागणारे ल्युटेशियम मुंबईतील तुर्भे (ट्रॉम्बे) येथील ध्रुव अणुभट्टीत तयार होते.