जायंट स्केल आरसी फोम विमान

जायंट स्केल आरसी फोम विमान म्हणजे थर्माकोल किंवा तसल्याच फोमपासून घरी बनवलेलं, रिमोटवर उडणारं मोठ्ठं विमान. मोठ्ठं म्हणजे किती, तर अमेरिकेतल्या इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशनचं माप बरेच जण धरतात. मोनोप्लेन (पंखांची एकच जोडी) असेल तर पंखांची रुंदी टोकापासून टोकापर्यंत किमान 80 इंच (म्हणजे 2 मीटरच्या जरा वर), बायप्लेन (एकावर एक दोन जोड्या) असेल तर 60 इंच, नाहीतर मग खऱ्या विमानाच्या पाव मापाचं हुबेहूब मॉडेल.

आधी एवढी मोठी विमानं बाल्सा लाकूड, प्लायवूड आणि पेट्रोल इंजिनवर बनायची, खर्च भरपूर आणि एक विमान पूर्ण व्हायला महिनोन्महिने. 2000 नंतर ब्रशलेस मोटर (आत घासणारे ब्रश नसलेली विजेची मोटर) आणि लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी हळूहळू स्वस्त झाल्या, आणि भिंतीच्या इन्सुलेशनसाठी मिळणाऱ्या एक्सपीएस (दाणे नसलेला, घट्ट फोम) शीटमधून अख्खं विमान कापता येतं हे लोकांच्या लक्षात आलं. खऱ्या विमानात हे आधीच झालं होतं, अमेरिकन विमान डिझायनर बर्ट रुटान यांचं व्हेरीइझी हे छोटं विमान 1975 मध्ये उडालं, त्याचे पंख गरम तारेने कापलेल्या फोमवर फायबरग्लास चढवूनच केलेले होते.

या सगळ्या खेळाचा जीव वजनात आहे. समजा 1.2 मीटर रुंदीचं, 20 सेंमी कॉर्डचं (कॉर्ड म्हणजे पंखाची पुढून मागे लांबी) 1 किलोचं विमान आहे, त्याच्या पंखाचं क्षेत्रफळ 24 चौरस डेसीमीटर, म्हणजे दर चौरस डेसीमीटरवर साधारण 42 ग्रॅम भार. आता सगळी मापं दुप्पट करा, क्षेत्रफळ चौपट होऊन 96 होतं पण भरीव वस्तूचं वजन आठपट, 8 किलो, आणि भार जातो 83 ग्रॅमवर. असं विमान हवेत टिकायला जवळपास दीडपट वेग मागतं आणि लँडिंगला दगडासारखं येतं. पण बॉडी आतून पोकळ ठेवली, जिथे जोर येतो तिथेच कार्बन ट्यूब आणि प्लाय घातलं, तर तेच विमान 5 किलोत बसवता येतं, भार 52 ग्रॅम, आणि मग ते अगदी खऱ्या विमानासारखं सावकाश, डौलात उडतं. माझ्या मते मोठं फोम विमान बनवायचं ते याच डौलासाठी, नुसत्या आकाराला काही अर्थ नाही.

पंख कापायचं काम बघण्यासारखं असतं. गणपतीच्या मखरासाठी थर्माकोल कापायची गरम तार महाराष्ट्रात पुष्कळांनी बघितली असेल (2018 च्या बंदीआधी गल्लोगल्ली दिसायची), तीच पद्धत, फक्त तार लांब आणि माणसं दोन. फोमच्या ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाच्या आकाराचे प्लायचे फर्मे लावतात, दोन्ही फर्म्यांवर सारख्याच संख्येच्या खुणा करून नंबर टाकतात, आणि नायक्रोमची तार तापली की एकजण मोठ्याने नंबर म्हणतो, दोघंही त्या त्या नंबरला पोचतात. पंख टोकाला निमुळता असेल तर टोकाचा फर्मा लहान, म्हणून तिकडच्या माणसाला हळू सरकायचं असतं आणि हेच सगळ्यात अवघड जातं. घाई केली की तार मधोमध मागे राहते, आम्ही पहिला पंख कापला तेव्हा पुढच्या कडेला असाच खड्डा पडला आणि अख्खा ठोकळा वाया गेला. धूर निघतो तो श्वासात जाऊ नये म्हणून दारं खिडक्या उघड्या हव्यात.

चिकटवायला पीयू (पॉलीयुरेथेन) ग्लू, एपॉक्सी किंवा साधा फेव्हिकॉल. नेहमीचा इन्स्टंट ग्लू आणि स्प्रे पेंट थर्माकोल खाऊन टाकतात, म्हणून आधी तुकड्यावर लावून बघायचं. वरून ब्राऊन पेपर, पाणी घातलेल्या फेव्हिकॉलने चिकटवला की वाळल्यावर पंख चांगलाच कडक होतो. असल्या हलक्या विमानाला किलोमागे 200 ते 300 वॉट पुरतात, म्हणजे 5 किलोला 1000 ते 1500 वॉट, 6 सेलची बॅटरी आणि मोठा सावकाश फिरणारा प्रोपेलर. पंख दोन भागात, मधे ट्यूब, नाहीतर गाडीत मावत नाही.

मेडन म्हणजे पहिल्या उड्डाणाआधी सीजी (विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे तोल साधतो तो बिंदू) बघायचा, साध्या सरळ पंखाला तो पुढच्या कडेपासून कॉर्डच्या 25 ते 30 टक्क्यांवर असतो, मागे गेला तर विमान हातात राहत नाही. मग रेंज चेक (रिमोटचा सिग्नल लांबवर पोचतो का ते बघणं) आणि फेलसेफ, सिग्नल तुटला की मोटर बंद झालीच पाहिजे. मोठं विमान डोळ्याला आहे त्यापेक्षा जवळ आणि हळू वाटतं, त्यामुळे वेगाचा अंदाज चुकतो. लँडिंगला नवख्या माणसाने वेग फार कमी केला तर विमान उंचावरच स्टॉल होऊन (पंखांची उचल संपून) एका पंखावर पडतं. फोम असला तरी 5 किलो आणि फिरतं प्रोपेलर आहे, माणसांच्या डोक्यावरून कधीच नाही.

भारतात ड्रोन नियम 2021 मध्ये 25 किलोपर्यंतच्या, शिक्षण किंवा छंदासाठी नजरेच्या टप्प्यातच उडवायच्या मॉडेलचा वेगळा उल्लेख आहे. ग्रीन झोनमध्ये (जिथे उडवायला आधी परवानगी लागत नाही) 400 फुटांपर्यंत, विमानतळापासून 8 ते 12 किमीच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत, सरकारचा झोनचा नकाशा आधी बघून घ्यावा. आपल्याकडे बऱ्याच मुलांना एरोमॉडेलिंगची पहिली ओळख एनसीसीच्या एअर विंगमध्येच होते.

पडलं तरी फोम विमान सहसा संपत नाही. चुरा झालेला भाग चौकोनी कापून नवा तुकडा बसवायचा, आत बांबूच्या काड्या खुपसायच्या, सँडपेपर मारायचा. दाण्यादाण्याच्या थर्माकोलला नुसता पोचा आला असेल तर उकळत्या पाण्यात बुडवलेलं फडकं ठेवलं की दाणे फुगून जागा बरीचशी वर येते, एक्सपीएसला मात्र हा उपाय फारसा चालत नाही, तिथे फिलरच भरावा लागतो.